फोटोत पांढरं

डॉक्टरांनी माझ्या नातीच्या डोक्याचा फोटो उजेडावर धरला आणि मधोमध बोट ठेवलं. "आजी, हे पांढरं दिसतंय ना, तिथे तापातल्या विषाणूने मेंदूला इजा केलीय. पहिल्या फोटोतही होती. म्हणूनच तिचा हात थरथरतो." मी मुलाकडे वळले. पहिला फोटो काढला तेव्हा दवाखान्यातून त्यानेच मला फोन केला होता, "आये, फोटोत पांढरं हाय." पांढरं म्हणजे डाग नाही, असं समजून मी बिरोबापुढे भंडारा उधळला होता. "बिरू, तुला ठाव हुतं?" "व्हय. तू फोनवर हसलीस, मग मला सांगवंना." नात माझ्या पदराची गाठ सोडवत होती, तिला ती सुटत नव्हती. "पोरीच्या हातनं कालवण सांडलं की मी तिला रोज धसमुसळी म्हनायची, हातावर मारायची," मी बिरूला म्हणाले. "तवा तू शेजारीच बसून गप जेवत हुतास."