पॉलिशवाल्याची परीक्षा

"अहो, पॉलिशवाल्यापुढे पॉलिशची बाटली ठेवताय? हा शुद्ध डांबिसपणा झाला," मुलीची आई स्वयंपाकघरातून कुजबुजली.

बाबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी टीपॉयवर एक काळवंडलेलं चांदीचं नाणं ठेवलं, शेजारी मऊ फडकं आणि ती बाटली. मग मुलीने पसंत करून घरी आणलेल्या मुलाला म्हणाले, "बसा हं, मी जरा चहाचं बघतो." आणि आत येऊन दाराआड उभे राहिले.

जुन्या नाण्यांच्या दुकानात बाबांचा जन्म गेला होता. नाण्यावर वर्षानुवर्षं चढलेला काळसर थर म्हणजे मळ नव्हे, हे ते येईल त्याला ऐकवत. घासलं की तो थर जातो, नक्षीचे बारकावे झिजतात, वर ओरखडे उठतात. नाणं चकाकतं खरं, पण जाणकार त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. दुकानात माणूस ठेवताना बाबा हीच परीक्षा घेत. पुढे तीच त्यांनी जावयालाही लावली. आहे तसं राहू देणं ज्याला जमत नाही तो माझ्या पोरीला काय सुखानं राहू देणार, असं त्यांचं म्हणणं. मागच्या दोन्ही स्थळांनी चहा येईपर्यंत नाणं लख्ख करून ठेवलं होतं. नाणी वाया गेली, पण जावई वाया जाण्यापेक्षा ते बरं, असं म्हणून बाबा मोकळे झाले. मुलगीही खूश झाली होती, कारण तिला ते दोघेही नको होते.

हा मात्र तिला मनापासून हवा होता. आणि याचा धंदा काय, तर दारांच्या मुठी, पितळी दिवे आणि बक्षिसांचे कप घासून चमकवण्याचा! नाण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा बाबांनी तिला दम भरला होता. बिचारी समोर बसून जगातल्या बाकी सगळ्या गोष्टींबद्दल बोलत होती. जीव टांगणीला लागला होता.

दाराच्या फटीतून बाबांना मुलाची पाठ तेवढी दिसत होती. ती हलायला लागली.

"बघ, घासतोय."

"अहो, हसतोय तो," आई म्हणाली.

शेवटी बाबा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. नाणं होतं तसंच काळं होतं. फडक्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. बाबांना इतका आनंद झाला, की ट्रे कुठे ठेवावा हेही त्यांना सुचेना.

"तू सांगितलंस याला?"

"शप्पथ नाही, बाबा!"

ट्रे कसाबसा मागोमाग आलेल्या आईच्या हातात कोंबून बाबांनी मुलाचे रोजच्या कामातल्या पॉलिशने काळे झालेले दोन्ही हात घट्ट धरले.

"जिंकलंत जावईबापू! अहो, भल्याभल्यांचे हात शिवशिवतात. या नाण्याला हात लावायचा नाही, हे तुम्हाला कळलं तरी कसं?"

मुलाने दचकून मुलीवरची नजर काढली.

"नाणं? कुठलं नाणं?"