मागच्या बाकाचं तिकीट

एकवीस मार्च, सकाळचे साडेदहा, वर्गात एकतीस मुले. अमेरिकेत काळ्या माणसांना बसमध्ये मागे बसवत. त्याविरुद्धचा लढा शिकवण्यासाठी ओगले सरांनी बाकांचीच बस मांडली होती. मागे कोणी बसायचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरणार होते.

"चला, चढा," सर म्हणाले.

बौद्धवाडीची नऊ मुले निमूट मागच्या बाकांवर जाऊन बसली.

"अरे, चिठ्ठ्या तरी काढू द्या!"

"सर, आमचं तिकीट कायम मागचंच," प्रणाली हसून म्हणाली. "जूनमध्ये तुम्हीच फाडलंत की!"

हजेरी सोपी जावी म्हणून सरांनी तेव्हा वर्ग वाडीवार बसवला होता; बौद्धवाडी आपसूक शेवटी गेली होती. सरांची मान खाली गेली.

"चुकलं माझं, पोरांनो," ते कसेबसे म्हणाले. "पुढे या. हवं तिथे बसा."

नऊ जणांपैकी एकटी प्रणाली उठली.