तेज कॅम

हिरालाल मिस्त्री रेसचं इंजिन जीव ओतून बांधायचा, पण लाखनीतलं गॅरेज सोडून रेस पाहायला कधी जायचा नाही. आता साकोलीच्या मातीच्या ट्रॅकवर त्याची लेक दीपमाला गाडी पळवणार होती. समोर ठेवलेल्या इंजिनाच्या सुट्या भागांच्या दोन जोड्यांपैकी त्यानं तिच्यासाठी गाडीचा जोर कमी ठेवणारी, लहान हेड आणि मवाळ कॅमशाफ्टची जोडी उचलली.

“दादाले तेज कॅम देला, मले काहून नाही?” दीपमाला चिडली.

“त्याले देला म्हणूनच. वळणावर गाडी उसळली अन् पोरगं जन्माचं खाटेवर पडलं.”

आतल्या खाटेवरून संघपाल म्हणाला, “गाडी नाही उसळली, बाबा. त्या दिवशी तुम्ही येतो म्हणाले होते. आले का, म्हणून मी वळून पाहून राहिलो होतो.”