कुवेतची काठी

तीन टिपा टेबलाच्या हिरव्या कापडावर मांडून लतीफने विचारलं, "दिनादादा, यातली कुठली लावू? माझी पार झिजली."

दिनानाथने वाकून बघितलं. शर्टाच्या बटणाएवढ्या चामड्याच्या चकत्या. एक मऊ, एक मध्यम, एक कडक. काठीच्या टोकाला ही चकती चिकटवायची, आणि तिनेच पांढऱ्या बॉलला ठोसा द्यायचा. लतीफचा हात हलका. त्याला मऊ टिप लागणार, हे आंधळ्यालाही सांगता आलं असतं.

"ही!" दिनानाथने कडक टिपवर बोट ठेवलं. "डोळे मिटून लाव."

"ही तर दगड हाय, दादा."

"म्हणून तर सांगतो. रविवारी आपल्या दोघांची फायनल हाय, हात कडक पाहिजे."

"तू म्हणतोस तर हीच. तू माझ्या आधीपासून खेळतोयस."

एवढा विश्वास ठेवला म्हणून तर दिनानाथला त्याचा जास्तच राग आला.

सात महिन्यांपूर्वीपर्यंत रोह्यात ताजुद्दीनच्या पूल पार्लरमध्ये दिनानाथचं राज्य होतं. पहिली शिफ्ट सुटली की तो कंपनीच्या कपड्यांतच यायचा आणि पोरं टेबल सोडून बाजूला व्हायची. मग लतीफ कुवेतहून कायमचा परत आला. येताना मखमलीच्या पेटीत दोन तुकड्यांची काठी घेऊन आला. त्या दिवसापासून दिनानाथ हरतोय. हरायचं आणि मग लोकांना समजावायचं, असं दुहेरी काम होऊन बसलं. "माणूस खेळत नाय रे, काठी खेळते. कुवेतची हाय! त्याच्या हातात माझी द्या, मग बघा गंमत." हे त्याने कँटीनमध्ये सांगितलं, वरशाच्या नाक्यावर सांगितलं, न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना सांगितलं. बायकोला, मालूला, तर रोज जेवताना.

"लतीफभाऊ भेटले बाजारात," मालू एकदा म्हणाली. "किती हसून बोलतात! तुमची चौकशी करत होते."

त्या दिवशी आमटी खारट झाली होती. निदान दिनानाथला तरी लागली.

रविवारी सकाळीच तो स्वतःहून लतीफची काठी घेऊन मोटारसायकलवरून पेणला निघाला. टिप बसवावी तर हिरामणने. हा माणूस गणपतीच्या कारखान्यात सोंडांना पॉलिश पेपर मारायचा. त्याचा हात फिरला की सांधा कुठे आहे ते कुणाच्या बापाला कळणार नाही.

हिरामणने टिप चिकटवली, कड घासली आणि बजावलं, "दोन दिवस हात लावायचा नाय. ही कडक जात गोंद लवकर धरत नाय. आज ठोकलीस तर उडंल."

"दोन दिवस? व्हय, व्हय," दिनानाथ म्हणाला आणि गाणं गुणगुणत रोह्याकडे सुटला. वाटेत नागोठण्याला चहा घेताना त्याने पेटी उघडली. काठीवरून हळूच हात फिरवला. इतकी गुळगुळीत वस्तू, आणि ती दुसऱ्याची! चहा अर्धा टाकून तो उठला.

दुपारी पार्लर खच्चून भरलं होतं. मालूसुद्धा आली होती. प्रमुख पाहुणे म्हणून एका पतपेढीचे चेअरमन पहिल्या खुर्चीत चहा-बिस्किटं घेऊन बसले होते. फायनल एकाच डावाची; आपले सात बॉल आणि मग काळा जो आधी घालेल तो जिंकला. पहिला फटका लतीफचा.

लतीफने ठोकलं. पांढरा बॉल चार बोटं सरकला. टिप मात्र सुसाट निघाली, भिंतीवर आपटली आणि थेट चेअरमनसाहेबांच्या बशीत पडली. साहेबांचं लक्ष टेबलाकडे. त्यांनी ती उचलली, चहात बुडवली आणि चावली.

"बिस्किट शिळं हाय," ते शेजाऱ्याला म्हणाले.

त्यांच्या तोंडातून टिप काढेपर्यंत दहा मिनिटं गेली. मग दिनानाथची पाळी. त्याने तीन बॉल घातले, चौथा हुकला. सवयीप्रमाणे त्याने आपल्या काठीकडे रागाने बघितलं आणि मालूला ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या काठीत काय दम नाय!"

आता लतीफला काठी हवी. ताजुद्दीनने कोपरा धुंडाळला. पार्लरच्या दोन काठ्या केळीसारख्या वाकलेल्या, तिसरीला जाळी काढायचा झाडू बांधलेला.

"दादा, तुझीच दे ना," लतीफ म्हणाला. "तू मारलंस की मी, मी मारलं की तू."

दिनानाथच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सात महिने देवाकडे दुसरं काय मागितलं होतं? त्याने नैवेद्य पुढे करावा तशी दोन्ही हातांनी काठी पुढे केली आणि मालूला डोळ्यांनीच खुणावलं, आता बघ.

लतीफने टोकाला खडू घासला. वाकला. एक बॉल गेला. दुसरा गेला. तिसरा कडेकडेने लाजत लाजत गेला. चौथ्याला पोरांनी टाळ्या वाजवल्या, पाचव्याला शिट्ट्या. सहाव्यापासून कोणीच काही करेना. सगळे एकदा त्या काठीकडे आणि एकदा दिनानाथकडे बघायला लागले. कँटीनवाला होता, नाक्यावरचे होते, न्हावीही होता. सातवा गेला. शेवटचा काळा बॉल भोकात पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मालूने मात्र तो बॉल बघितलाच नाही. ती कधीपासून नवऱ्याकडेच बघत होती.

लतीफ घाम पुसत आला. दिनानाथच्या काठीच्या टोकावरून त्याने अंगठा फिरवला, एक डोळा मिटून काठी सरळ आहे का ते पाहिलं आणि सगळ्यांसमोर, अगदी मनापासून म्हणाला, "दादा, असली भारी काठी इतके दिवस एकटाच वापरतोस व्हय? ही मला दे, माझी कुवेतची तू घे!"