ठेवलेल्या कालवडी

"ट्रकची फळी वर घे. एकही कालवड जाणार नाही," कोलमन म्हणाला.

ट्रकवाला व्यापारी टूब्रिडी हसला. भाव वाढवून मागायची ही नवी तऱ्हा असेल, असं त्याला वाटलं. "म्हाताऱ्या, सगळा क्लेअर परगणा यंदा जनावरं विकायला काढतोय. कुरणं करपलीत, आणि तुला कळप वाढवायचा सोस सुटलाय?"

"सुटलाय खरा. सहाच्या सहा राहतील."

डिम्फना फाटकाला टेकून उभी होती. तिला हसू आलं नाही. उभं आयुष्य ती ह्या थोरल्या भावाच्या मागे लागली होती. शेजारची टेकडी खंडाने मिळत होती तेव्हा, वासरांचे भाव चढले होते तेव्हा, गंजीत गवत मावेना तेव्हा. दर वेळी त्याचं एकच, "पुढच्या वर्षी बघू." थकलेल्या गाईंच्या जागी एखादी कालवड ठेवायची, बाकीच्या ट्रकमध्ये. आणि वाढवायचं सुचलं ते ह्या वर्षी!

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. येता उन्हाळा त्याला दिसला तर पुष्कळ. कोलमनला मात्र डिम्फनाने सांगितलं होतं, छातीत जुना कफ आहे. तो गेल्यावर सगळी जनावरं विकून टाकायची, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. त्यापुढचं काही ठरवलं नव्हतं.

टूब्रिडी बडबडत निघून गेला. रिकामा ट्रक उतारावरून खडखडत गेला. कोलमन दगडी गडग्यावर बसला. तेवढ्यानेही त्याला धाप लागली होती.

"असं काय करतोस कोलमन? आधीच चारा पुरत नाही," ती म्हणाली. "आज ठेवलेल्या कालवडीचं वासरू बाजारात जाईपर्यंत तीन वर्षं जातात."

"तुझ्याआधीपासून गुरं राखतोय मी, डिम्फी."

"तीन वर्षं रे..."

"त्या डॉक्टरीणबाईंना मीही विचारलं होतं," तो हळूच म्हणाला. "तू कोट आणायला गेलीस ना, तेव्हा."

इतके दिवस दोघं एकमेकांना त्या कफावरून औषधं सुचवत होती.

"मग कशाला?" तिचा आवाज चढला. "कुणासाठी ठेवल्यास ह्या?"

कालवडी दगडांमधलं उरलंसुरलं गवत हुंगत होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"आई गेली तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस. जेवेनास, बोलेनास. मी हाका मारल्या, पाद्री येऊन बसले. हलली नाहीस. मग ती तांबडी गाय विताना अडली. मला एकट्याला वासरू ओढवेना. तेव्हा उठलीस."

डिम्फनाने कोटाच्या बाहीआड तोंड लपवलं.

"जुन्या गाई खुशाल वीक," कोलमन म्हणाला. "ह्या सहा ठेव. सगळ्या पहिल्या वेताच्या, अडतील बघ. तुला पडून राहू देणार नाहीत."