आतली टीप

"हा बघ पुरावा!" लेकीने शाळेच्या स्कर्टच्या कमरेत बोट खुपसून आईला दाखवलं. बोट जेमतेम शिरलं. "मागच्या वर्षीचा स्कर्ट अजून तस्सा बसतोय. वाळले कुठे मी?"

आईच्या दाताच्या कण्या करून झाल्या होत्या. तिने तरी ताट पुढे सरकवलं. "डॉक्टर काय वेडे आहेत?"

"डॉक्टर तुमच्याच बाजूचे. काटा बिघडलेला असेल. स्कर्ट कशाला खोटं बोलेल? आणि एक घास जरी घेतला ना, तरी आजवरचं सगळं पाण्यात जाईल."

कोपऱ्यातलं शिलाई मशीन थांबलं. गिऱ्हाइकं ज्यांना मास्तर म्हणत, ते तिचे बाबा त्या कमरेकडे बघत राहिले. स्कर्ट खोटंच बोलत होता, आणि त्याला शिकवलं होतं त्यांनी.

स्कर्ट घसरायला लागला तेव्हा वर्गातल्या मुली हसल्या होत्या. ते मास्तरांना बघवेना. पोर अंघोळीला गेली की ते कंबर थोडी आत घेत, वरून इस्त्री फिरवत. ती आणखी वाळली की आणखी थोडी. हाताला सफाई अशी, की कुणाला मागमूस लागू नये. बरी होईपर्यंत निदान हसं तरी व्हायला नको, एवढाच भाबडा हिशोब.

आता सांगावं तर आपण खरंच बारीक झालो, म्हणून पोरीला जिंकल्यासारखं वाटणार. न सांगावं तर हा स्कर्टच तिला उपाशी मारणार. मास्तरांनी मशीनवरचं काम बाजूला सारलं.

"काढून आण तो इकडे," शेवटी ते म्हणाले.

तिने कपडे बदलून स्कर्ट आणून दिला. त्यांनी तो उलटा केला आणि भराभर टिपा उसवल्या. कंबर मोकळी झाली. त्यांनी ती तिच्या अंगाला लावली. दोन्ही टोकं पाठीमागे जाऊन एकमेकांवर चढली, वर कापड उरलं. उसवलेल्या जागी सुईच्या भोकांच्या ओळी दिसत होत्या, एकीच्या आत एक.

ती हसते की काय, या धास्तीने मास्तरांनी मान वर केली नाही.

लेक त्या ओळींवरून बोट फिरवत राहिली. एकेका भोकावरून, सावकाश.

"का केलंत हे, बाबा?"

"चार लोकांना दिसू नये म्हणून, बाळा."

तिने ते उरलेलं कापड मुठीत धरलं.

"मला तरी कुठे दिसले मी, बाबा?"