मंचु

यशवंतराव मास्तर उंबऱ्यात बसून तेलुगूचा धडा मोठ्यानं वाचत होते. पुढच्या महिन्यात खात्याची भाषेची परीक्षा होती, आणि सीमेवरच्या मराठी शाळेतल्या या मास्तरांचं तेलुगू बसस्टँडवर शिकलेलं, तिथल्याच कामाचं. बाहेर कपाशीवर इतकं धुकं बसलं होतं की दारापुढचा हापसाही दिसत नव्हता.

आत बाजेवर त्यांची बायको पंचफुला बाळाला उघड्या छातीशी धरून, वर दोन गोधड्या घेऊन पडली होती. आठव्या महिन्यातच आलेली मुलगी, आज एकोणीस दिवसांची. अजून अंगावर पीत नव्हती. मास्तरांची आई राहीबाई कापसाची वात दुधात भिजवून तिच्या ओठांत पिळायची. बारशाचा विषय कुणी काढला नव्हता. तिला घरात कुणी 'पोरगी'सुद्धा म्हणत नव्हतं, नुसतं 'ते'. ते निजलं का, त्याले ऊब हाये का. ते ऐकलं की पंचफुला बाळाला आणखी जवळ ओढायची.

"काय लिवलं हाये त्यात?" तिनं विचारलं.

"अस्वलं. पार उत्तरेकडचे. तांबडे नदीत उभे राहून मासे धरतात. पांढरं सगळ्यात मोठं."

"आपल्या मोहाच्या झाडाखाली येतात तसे?"

"नाई. पांढरं मंचुत राह्यते."

"मंचु म्हंजे?"

हा शब्द मास्तरांना पक्का ठाऊक होता. हिवाळ्यात आदिलाबादची बस उशिरा आली की कंडक्टर हेच कारण सांगायचा. "धुकं," ते म्हणाले आणि समासात पेन्सिलीनं लिहूनही ठेवलं.

धडा पुढं सरकला. पांढरी अस्वलीण मंचु खोदते आणि आत बाळंत होते. पिल्लू घुशीएवढं, डोळे मिटलेलं. ती त्याला पोटाशी धरून पडून राहते. कित्येक महिने खात नाही, बाहेर येत नाही.

"एकटीच?" शेगडीतले निखारे सारत राहीबाईनं विचारलं. "मंग शेक कोन देते तिले?"

"कोनीच नाई, माय. तिच्या अंगाचीच ऊब."

"अन् पिल्लू?"

"जगते," मास्तर वाचायच्याच सुरात म्हणाले. ती ओळ पुस्तकात नव्हती.

पंचफुलानं दाराकडं पाहिलं. धुकं उंबऱ्याला टेकलं होतं. त्यात काहीतरी मोठं, पांढरं कूस बदलून पुन्हा निजल्यासारखं तिला वाटलं. भीती वाटली नाही. उलट, बाहेर आपल्यासारखंच कुणी आहे म्हणून बरं वाटलं. तीही कुशीवर वळली, गुडघे वर ओढून बाळाभोवती. डोळे जड झाले. मास्तरांचा आवाज लांबून यायला लागला.

मास्तर मात्र पुढच्या ओळीवर अडकले. उन्हाळ्यात मंचुचे तुकडे होतात, पाण्यावर तरंगतात, आणि अस्वल त्यांवर बसून जातं. धुक्याचे तुकडे? त्यांनी ओळ पुन्हा वाचली, चित्र निरखलं. इथं मंचु म्हणजे बर्फ. कंडक्टरनं घात केला होता.

"ऐकलं का, माझं चुकलं—"

"हळू बोला," पंचफुला म्हणाली.

गोधडीखालून बारीक चुटचुट ऐकू येत होती. राहीबाई वात हातात धरून तशीच थबकली. मग वाकून तिनं गोधडीचं टोक उचललं, आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. दुधाची वात तिच्या लुगड्यावर गळत राहिली.

"पोरगी पिऊन राह्यली," ती म्हणाली. "यशवंता, नाव पायजे आता तिले. मगा काय म्हनलास तू? अस्वलीण लेकरू घेऊन ज्यात निजते, ते?"

"मंचु. पन माय, ते—"

"मंजू," राहीबाई म्हणाली. "चांगलं हाये."

मास्तरांनी समासातलं 'धुकं' खोडलं. 'बर्फ' लिहायला पेन्सिल टेकवली, जरा थांबले, आणि तिथं 'मुलीचं नाव' असं लिहिलं.